हरसूलच्या पेठेतून ब्रिक लेनला

त्र्यंबकेश्वरच्या पुढे, गुजरातच्या सीमेच्या दिशेने जाणाऱ्या डोंगराळ रस्त्यावर हरसूल हे बाजाराचे गाव आहे. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, वारली आणि महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. शेतांत भात, नागली आणि वरई पिकते. द्राक्षांच्या हंगामात अनेक कुटुंबे नाशिक-दिंडोरीच्या बागांकडे मजुरीला जातात. आठवडे बाजाराच्या दिवशी पाड्यांवरची माणसे गावात उतरतात आणि मीठ-मिरची, तेल, कापड घेऊन संध्याकाळी परततात. या पट्ट्यातील बाजारगावांत आजोबा-पणजोबांच्या काळी बाहेरून येऊन स्थिरावलेली व्यापारी कुटुंबे आहेत. हरसूलच्या पेठेतील अशाच एका किराणा-भुसार दुकानाचे मालक आणि त्यांच्या पत्नी जूनच्या अखेरीस, चातुर्मासापूर्वी परतायचे असे ठरवून, लंडनला मुलाकडे गेले.

पावसाच्या तोंडावर दुकान सोडून दोघांनी एकाच वेळी बाहेरगावी जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. बी-बियाणे, ताडपत्री, छत्र्या आणि चार महिन्यांच्या मिठाची हीच विक्रीची वेळ. गल्ल्याची किल्ली त्यांनी दुकानातील जुन्या माणसाच्या हाती दिली. हा माणूस जवळच्याच पाड्यावरचा. शाळा सुटल्यावर पोती मोजायला आला आणि वीस वर्षे तेथेच राहिला.

निघताना एक प्रश्न मात्र अर्धवट राहिला होता. नाशिकच्या एका ग्राहकाने दुकानाची जागा मागितली होती. रक्कम चांगली होती आणि परत येताच होकार किंवा नकार कळवायचा होता. मुलाने परत येणार नाही हे दोन वर्षांपूर्वीच नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगितले होते. त्यात कटुता नव्हती. तरीही तीन पिढ्यांचा व्यवसाय आपल्या हातून बंद होणार, ही बोच शेठजींच्या मनात होती आणि लंडनच्या विमानात ती त्यांच्याबरोबरच बसली होती.

पहिल्या आठवड्यात टॉवर ब्रिज, राजवाडा आणि संग्रहालये पाहून झाली. जेवणाची चिंता फारशी पडली नाही. त्या दिवसांत लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम तेथे नोकरदार घरालाही सहज पाळता येतो. मग सुनेने सुचवले, "पप्पा, इमारती पुष्कळ झाल्या. रविवारी एक पायी फेरी आहे. लंडनची माणसं कशी राहतात, ते बघायला मिळेल."

अशा फेऱ्या हे आता युरोपातील राजधान्यांचे वैशिष्ट्य झाले आहे. दहा-पंधरा जणांचा गट, दोन-अडीच तास, बस नाही, ध्वनिक्षेपक नाही. एक स्थानिक माणूस आपला परिसर दाखवीत पुढे चालतो. कधी काळी बेघर राहिलेल्या व्यक्तीच वाटाड्या असलेल्या फेऱ्या लंडनमध्ये २०१० पासून चालू आहेत. राजवाड्यांचे लंडन दाखविणारे अनेक असतात. राबत्या माणसांचे लंडन त्या परिसरात वाढलेल्या माणसाकडून ऐकावे लागते.

रविवारी सकाळी दहा वाजता लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाबाहेर गट जमला. वाटाड्या चाळिशीच्या एक बाई होत्या. आईवडील सिल्हेटहून आलेले, जन्म मात्र येथलाच. आठवडाभर शाळेत शिकवायचे आणि रविवारी ही फेरी, असा त्यांचा क्रम. स्थानकाबाहेर लहान मुलांचे एक शिल्प आहे. पायाशी त्यांच्या पेट्या. १९३८-३९ मध्ये नाझी राजवटीतून वाचविलेली जवळजवळ १०,००० मुले, बहुतेक ज्यू, ब्रिटनमध्ये आणली गेली. त्यांतील अनेक जण याच स्थानकावर उतरले. पुष्कळांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. बाई एवढेच म्हणाल्या, "आमच्या भागाची सुरुवात नेहमी पेटी हातात घेतलेल्या माणसापासून होते."

तेथून पाच-सात मिनिटांवर स्पिटलफील्ड्सचा बाजार आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६८२ मध्ये येथे बाजार भरविण्याची सनद दिली. पुढे तीनशे वर्षे येथे फळे आणि भाजीपाल्याचा घाऊक व्यापार चालला. १९९१ मध्ये जागा अपुरी पडू लागल्याने हा घाऊक बाजार लेटन या उपनगरात हलविण्यात आला. आता जुन्या लोखंडी छपराखाली हस्तकलेच्या वस्तू, कपडे आणि खाद्यपदार्थांची दुकाने आहेत. शेठजींनी एका साबणविक्रेत्या तरुणाचा व्यवहार बराच वेळ पाहिला. नोटा कोणीच देत नव्हते. यंत्रावर कार्ड टेकवले की काम झाले. घासाघीस नव्हती, उधारीही नव्हती. त्यांनी मुलाला विचारले, "ओळखीचं गिऱ्हाईक आलं आणि जवळ पैसे नसले, तर?" मुलगा हसला. "पप्पा, इथे ओळखीचं गिऱ्हाईक असणं हीच अवघड गोष्ट आहे."

बाजाराच्या दक्षिणेला ब्रून स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली आहे. तेथील एका लाल विटांच्या इमारतीवर अक्षरे कोरलेली आहेत: ज्यू गरिबांसाठी सूपगृह. १९०२ हे साल आणि त्याशेजारी ५६६२ हे ज्यू कालगणनेतील वर्ष. आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन दरवाजे वेगवेगळे दाखविले आहेत, कारण रांगा तशा मोठ्या असत. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील अत्याचारांना कंटाळून हजारो ज्यू कुटुंबे या भागात आली. आधीपासून बस्तान बसलेल्या ज्यूंनी मागाहून येणाऱ्यांसाठी हे अन्नछत्र चालविले. आज त्या इमारतीत महागड्या सदनिका आहेत. अक्षरे जपली आहेत, चूल मात्र विझली आहे. शेठाणी त्या दोन दरवाजांकडे पाहत म्हणाल्या, "अहो, अन्नछत्र कशानं बंद पडलं असेल?" बाईंचे उत्तर सरळ होते. जेवणाऱ्यांची मुले शिकली, कमवू लागली आणि उत्तर लंडनच्या चांगल्या वस्त्यांत राहायला गेली. रांगच उरली नाही. अन्नछत्र बंद पडण्याचे याहून चांगले कारण असू शकत नाही, हे शेठाणींनी मनोमन मान्य केले.

पुढे क्राइस्ट चर्चचा उंच पांढरा मनोरा दिसतो. निकोलस हॉक्समूर या वास्तुविशारदाने ते १७१४ ते १७२९ या काळात उभारले. त्याला लागून फोर्निए स्ट्रीट आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६८५ मध्ये प्रोटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा ह्यूगेनॉट म्हणून ओळखले जाणारे हे लोक देश सोडून बाहेर पडले. त्यांतील रेशीम विणणारे स्पिटलफील्ड्सला आले. या गल्लीतील घरे रेशमाच्या व्यापारातील सुबत्तेतून उभी राहिली. माळ्यांना रुंद खिडक्या आहेत, कारण मागावर भरपूर उजेड लागे.

येथे बाईंनी सांगितलेली हकिगत भारतीय व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ईस्ट इंडिया कंपनी भारतातून छापील सुती कापड आणी. ते स्वस्त, रंगाला पक्के आणि धुता येण्याजोगे असल्याने इंग्लंडच्या स्त्रियांनी त्याला उचलून धरले. स्पिटलफील्ड्सच्या विणकरांचे माग थंडावले. १७१९ मध्ये त्यांनी दंगे केले. भारतीय चीट नेसलेल्या स्त्रिया रस्त्यात दिसल्या, तर त्यांच्या अंगावर शाई फेकली, कपडे फाडले. अखेर १७२१ मध्ये पार्लमेंटने असे छापील सुती कापड वापरण्यावर बंदी घालणारा कायदा केला. आश्रय मागत आलेल्यांची पुढची पिढी तोवर दुसऱ्यांच्या मालाला दार बंद करण्यासाठी भांडू लागली होती. पुढच्या शतकात रेशमाचा तो धंदाही गेला.

गल्लीच्या टोकाला, ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर, विटांची एक साधी इमारत आहे. ह्यूगेनॉट लोकांनी १७४३ मध्ये ती प्रार्थनागृह म्हणून बांधली. १८१९ मध्ये मेथडिस्ट ख्रिस्ती तेथे प्रार्थना करू लागले. १८९८ मध्ये तेथे ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून ती मशीद आहे. भिंती त्याच, छप्पर तेच. वर भिंतीवर १७४३ सालची सूर्यघडी आहे आणि तिच्यावर 'आपण सावली आहोत' अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द आहेत. पुढे आलेल्या कोणीही ते शब्द काढून टाकले नाहीत. शेठजींनी मुलाकडून त्यांचा अर्थ दोनदा समजावून घेतला. लहानपणापासून ऐकलेल्या बारा भावनांमधील पहिली, अनित्य भावना, परक्या देशातील भिंतीवर परक्या लिपीत लिहिलेली पाहून ते थोडा वेळ तेथेच उभे राहिले. गट पुढे गेला. सुनेला मागे येऊन त्यांना बोलवावे लागले.

ब्रिक लेनवर गल्ल्यांच्या पाट्या इंग्रजीबरोबर बंगाली लिपीत आहेत. पूर्वी जहाजांवर काम करणारे सिल्हेटचे खलाशी लंडनच्या गोद्यांवर उतरत. १९७० नंतर त्यांची कुटुंबे आली. ज्यू शिंप्यांच्या कारखान्यांत आता बंगाली शिंपी बसू लागले. हळूहळू खानावळी निघाल्या आणि हा रस्ता रस्सा-भातासाठी देशभर प्रसिद्ध झाला.

रविवार असल्याने उत्तरेकडील टोकाला जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. ज्यू व्यापारी शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, दुकाने बंद ठेवत आणि रविवारी विक्री करत. या भागातील रविवारच्या बाजारांमागे ती प्रथा आहे. तेथेच ज्यू पद्धतीचा गोल पाव विकणारी, रात्रंदिवस उघडी राहणारी प्रसिद्ध दुकाने आहेत. कणकेचे कडे आधी उकळत्या पाण्यात घालतात आणि नंतर भाजतात, म्हणून तो पाव चिवट लागतो. त्याच दुकानांत मांसही विकले जात असल्याने शेठाणींनी पिशवीतील खाकरा काढला, चौघांनी पदपथाच्या कडेला उभे राहून तो खाल्ला आणि कुतूहलाने पाहणाऱ्या एका वृद्ध इंग्रज बाईंनाही तुकडा दिला.

शेजारी ट्रूमन या जुन्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याचे धुराडे आहे. तेथील मद्यनिर्मिती १९८०च्या दशकाच्या अखेरीस थांबली. आता आवारात दुकाने आणि कलादालने आहेत. त्याच्या काही भागावर कार्यालये व मोठी दुकाने उभारण्याच्या योजनेला हजारो हरकती आल्या, तरी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये स्थानिक परिषदेने ती मंजूर केली. जागेची भाडी वाढतील आणि छोटे दुकानदार टिकणार नाहीत, ही रहिवाशांची भीती. ती भीती निराधार नाही. रनीमीड ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ब्रिक लेनवरील अशा खानावळींची संख्या पंधरा वर्षांत ६० वरून २३ वर आली. वाढते भाडे आणि कर, आचाऱ्यांना व्हिसा मिळण्यातील अडचणी ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण असे की, मालकांची मुले शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेली.

बाईंच्या वडिलांची खानावळ त्या बंद पडलेल्यांपैकीच एक होती. आता तेथे कॉफीचे दुकान आहे. बाईंनी ते बोट दाखवून सांगितले आणि गट पुढे निघाला. शेठजी मात्र त्यांच्या बरोबरीने चालू लागले आणि मुलाला दुभाष्या करून त्यांनी विचारले, "तुमच्या वडिलांचं दुकान तुम्ही का नाही चालवलं?"

बाईंना प्रश्नाचा राग आला नाही. त्या म्हणाल्या, "त्यांनीच चालवू दिलं नाही. ते म्हणायचे, मी चुलीपुढे उभा राहिलो तो तुम्ही उभं राहू नये म्हणून."

"मग दुकान गेलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं असेल?"

"दुकान गेल्याचं नाही. पण नंतर ते रोज सकाळी इथपर्यंत चालत यायचे. एकदा घरी येऊन म्हणाले, आज रस्त्यात कुणीच सलाम केला नाही. त्याचं वाईट वाटलं त्यांना."

मुलाने हे वाक्य भाषांतरित केले आणि पुढे काही बोलला नाही. शेठजीही बोलले नाहीत.

फेरीचा शेवट व्हाइटचॅपल रस्त्यावरील एका लहानशा उद्यानात झाला. येथे पूर्वी पांढऱ्या रंगाचे चर्च होते. व्हाइटचॅपल हे नाव त्यावरूनच पडले. ४ मे १९७८ रोजी कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या बंगाली शिलाई कामगाराचा येथे वंशद्वेषातून खून झाला. दहा दिवसांनी सुमारे ७,००० लोक त्याच्या शवपेटीमागून मध्य लंडनपर्यंत चालत गेले. या परिसरातील बंगाली समाज आपला हक्क मागण्यासाठी प्रथमच एवढ्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आला होता. १९९८ मध्ये उद्यानाला त्याचे नाव देण्यात आले. ज्या रस्त्यावर एका माणसाला परका म्हणून मारले, त्या रस्त्यावरील उद्यान आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. बाईंनी तेथे सर्वांचा निरोप घेतला. शेठाणींनी त्यांच्या हातात खाकऱ्याचे उरलेले पाकीट ठेवले आणि मुलाला सांगितले, "तिला म्हणावं, वडिलांना दे." वडील आता हयात नाहीत, हे बाईंनी सांगितले, पण पाकीट दोन्ही हातांनी घेतले.

दुपारी घरी आल्यावर शेठजींनी हरसूलला फोन लावला. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असते. तिकडे दुकान वाढवायची वेळ झाली होती. पलीकडून नेहमीचा आवाज आला, "शेठ, पाऊस लागला. ताडपत्री संपली होती, त्र्यंबकहून मागवली. दोन पाड्यांची माणसं उधार घेऊन गेली, लिहून ठेवलंय. लावणी झाल्यावर देतील."

"विचारलं नाहीस मला?"

"तुम्ही झोपले असाल म्हणून नाही केला फोन. आणि पाऊस थांबतोय थोडाच?"

शेठजी हसले. मग बराच वेळ खिडकीशी बसून त्यांनी मुलाच्या वहीत काही आकडे मांडले. नाशिकच्या ग्राहकाने देऊ केलेली रक्कम जागेची होती. त्याला तेथे गोदाम करायचे होते. हिशेबशास्त्रात व्यवसायाच्या विक्रीच्या वेळी ख्यातीचे, म्हणजे नावलौकिकाचे, वेगळे मूल्य धरतात. त्या प्रस्तावात ख्यातीचा रकानाच नव्हता आणि त्याला गरजही नव्हती, कारण बंद दुकानाला ख्याती नसते. पाड्यांवरून येणाऱ्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याची परतफेडीची वेळ ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातात ती राहू शकते. असा माणूस घरात नव्हता, दुकानात होता.

शेठजींनी तीन आकडे लिहिले: शिल्लक मालाची किंमत, जागेचे माफक भाडे आणि सात वर्षांचे हप्ते. मुलाने वही पाहिली. परदेशी बँकेत काम करणाऱ्या मुलाला त्यातील व्याजाची जागा कोरी आहे, हे लगेच दिसले. तो म्हणाला, "पप्पा, यात तुमचं नुकसान आहे."

"आहे," शेठजी म्हणाले. "किती, ते लिहून ठेव. तेवढं मी सोडलं असं समज."

शेठाणी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांनी एकच सुधारणा सुचवली: दुकानावरची पाटी बदलायची झाली, तर ती त्या माणसाच्या मनाप्रमाणे बदलू द्यावी, आपल्या आडनावाची अट घालू नये. शेठजींना ते पटायला दोन दिवस लागले.

चातुर्मास लागण्यापूर्वी दोघे परतले. नाशिकच्या ग्राहकाला नकार कळविण्यात आला आणि करार नाशिकच्या वकिलाकडून रीतसर करून घेण्यात आला, कारण सद्भावना कागदावर उतरली नाही तर पुढच्या पिढीत तिचे भांडण होते. नवा मालक गल्ल्यावर बसतो. शेठजी सकाळी तासभर बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचतात. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरची माणसे आधी त्यांना "रामराम शेठ" म्हणतात आणि मग आत जाऊन मीठ मागतात.